कारणाची चौकट

धरणगाव, ९ नोव्हेंबर २०२४

तीर्थरूप नाना,

नमस्कार. साष्टांग समोर भेटाल तेव्हा घालीन. सध्या तुम्ही समोर यायला तयार नाही, म्हणून नुसते हात जोडते.

भाऊबीजेहून आल्यापासून तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा दिपमालाने उचलला आणि तिन्ही वेळा तुम्ही म्हणे पूजेला बसलेले होता. नाना, तुमची पूजा चार मिनिटांत आटोपते हे सगळ्या देवपूरला ठाऊक आहे. सुनेला खोटं बोलायला लावू नका, बिचारीला जमत नाही ते.

तर आता पत्र. तुमची सवय आठवून डाव्या बाजूला चांगला चार बोटं समास सोडलाय. मी धुळ्याला बी.एड.च्या होस्टेलवर होते तेव्हा तुम्ही निराळं उत्तर कधी लिहिलं नाहीत. माझंच पत्र परत यायचं, समासात लाल शाईने तुमचे प्रश्न घेऊन. ‘कुणी सांगितलं?’ ‘तिला कसं माहीत?’ ‘दुसरं कोण काय म्हणतं?’ बाकीच्या मुलींना घरून चिवडा यायचा, मला हे तीन प्रश्न यायचे. तेव्हा रडू यायचं. आता ते तीन प्रश्न मी नववीच्या वर्गात फळ्याच्या वर रंगवून घेतलेत.

त्याच वर्गाचं काम दाखवायला मी दिवाळीत आले होते. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलं नाहीत, म्हणून पुन्हा सांगते. ही एक वेबसाइट आहे, सगळ्यांनी मिळून लिहायची. तेवीस पोरं, पण पान एकच: आपलं निंबाळखेडे. आधी वह्यांमध्ये लिहायला सांगितलं होतं, तर तेवीस वह्यांत तेवीस वेळा ‘आमचे गाव फार सुंदर आहे’. पान एक झालं आणि गंमत झाली. पहिल्याने लिहिलेलं दुसऱ्याला पुन्हा लिहिता येईना. मग एकतर पुढचं शोधायचं, नाहीतर त्याचं चुकलंय हे दाखवायचं. कुणी काय बदललं ते पान विसरत नाही, जुनं रूपही जपून ठेवतं. आणि बदल करणाऱ्यासमोर एक छोटी चौकट येते, ‘बदलाचं कारण’. ती रिकामी सोडायची नाही, हा आमच्या वर्गाचा एकमेव नियम.

नवीन नावाच्या मुलाने लिहिलं की मारुतीचं देऊळ हजार वर्षांचं आहे. मयुरीने खाली चर्चेत विचारलं, कुणी सांगितलं? म्हणे आजोबांनी. त्यांना कसं माहीत? पोरगा घरी जाऊन विचारून आला. आजोबा म्हणाले, ‘मले काय माहीत? मना बाप सांगे.’ दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच हजार खोडून ‘जुनं’ असं केलं आणि चौकटीत लिहिलं, ‘आजोबांनाही नक्की माहीत नाही.’ नाना, नववीतल्या पोराने स्वतःचं वाक्य स्वतः मागे घेतलं! मी वीस वर्षं निबंध तपासतेय, असं मला कुठल्याच वहीत दिसलं नव्हतं.

आता ज्यावरून तुम्ही उठून आत गेलात ते. शाळेच्या रौप्यमहोत्सवात, १९८६ साली, तुम्ही मुख्याध्यापक म्हणून जी पुस्तिका लिहिलीत, तिच्यात शाळेची जागा कौतिक आबांनी दिली असं आहे. शाळेच्या दारावरच्या दगडातही तेच आहे. पोरांनी गावात विचारलं तर दोन म्हाताऱ्या म्हणाल्या, जागा धुरपदाबाईंची, कौतिक आबांच्या विधवा भावजयीची. मयुरीने लिहिलं, ‘पुस्तिकेत चूक असू शकते.’ असू शकते, एवढंच. तुम्ही टॅब खाली ठेवलात. मी म्हटलं, ‘आई असती तर तिने तरी तुम्हाला सांगितलं असतं.’ त्यात काय चुकलं माझं? सहज बोलून गेले. आईला जाऊन तीन वर्षं झाली, तिचं नावही घ्यायचं नाही का आता?

राग काढा, पण बोला. इथे थंडी पडायला लागलीय. पोरं कापूस वेचायला जातात म्हणून वर्ग निम्मा असतो.

समासाची वाट पाहणारी,
रत्ना

धरणगाव, १२ डिसेंबर २०२४

तीर्थरूप नाना,

पत्र परत आलं नाही. पोस्टमन हल्ली मला पाहून लांबूनच मान हलवतो.

भूषण शेवटी भाऊ आहे माझा, त्याच्याकडून कळलं की तब्येत ठीक आहे, भरीत आणि कळण्याची भाकरी दोन वेळा मागून खाल्लीत. ऐकून बरं वाटलं. रुसलेल्या माणसाला भूक लागते म्हणजे रुसवा फार खोल नाही, असं आई म्हणायची.

एक गंमत सांगते. आमच्या पानावर एक नवा वाचक यायला लागलाय. खात्याचं नाव ‘पांझरा’. रोज पहाटे पाच वाजून दहा-पंधरा मिनिटांनी येतो, धुरपदाबाईंबद्दलची ओळ खोडतो आणि निघून जातो. कारणाची चौकट रिकामी. पोरं साडेदहाला संगणकाच्या खोलीत शिरतात, जुनं रूप उघडून ओळ परत बसवतात आणि चौकटीत लिहितात, ‘कारण न देता खोडले म्हणून परत आणले.’ दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पोरांनी त्याचं नाव खोडरबर ठेवलंय. नवीनने शोध लावला, ‘मॅडम, पांझरा धुळ्यानी नदी शे, म्हंजे मानूस धुळ्याना शे.’ मी म्हटलं, शाब्बास. पुढे काही बोलले नाही.

कोण असेल बरं हा? पहाटे पाचला उठणारा, धुळ्याचा, आणि दुसऱ्याला जन्मभर कारण विचारून स्वतः एकदाही न देणारा? तुमच्या ओळखीत असेल तर निरोप द्या, की पहाटे गारठा असतो, टॅब घेऊन ओट्यावर बसायचं तर मफलर बांधावा.

खरी बातमी पुढेच आहे. पोरं बेबाबाईंकडे गेली होती. त्याच त्या, आपल्या जुन्या घराच्या मागच्या. आता ऐंशी पार केलीय, ऐकू कमी येतं, पण जीभ तशीच. मयुरीने विचारलं, आजी, जागा धुरपदाबाईंनी दिली याचा काही कागद आहे का? तर म्हातारी म्हणते, ‘पोरी, कागदवर जो लिखस त्यानंच नाव ऱ्हास. आम्ही बाया गानामाच लिखतस.’ आणि गायलाच लागली. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, निंबाच्या झोक्यावर म्हणायचं गाणं:

‘धुरपदा मायनी दिधं व खळं,
पोरी शिकाले धाडा व माय.’

पोरांनी मोबाइलवर ते भरून आणलं आणि पानावर चढवलं. वर्गात लावलं आणि माझ्या हातातला खडू तसाच राहिला. नाना, हे गाणं मला पाठ आहे. आई म्हणायची. आई झोका उभ्याने चढवायची, पदर कमरेला खोचून, आणि हीच ओळ सगळ्यात वरच्या सुरात घ्यायची. मीही तिच्यामागे म्हटलंय, दहा-बारा वर्षं. म्हणजे ज्या शाळेत मी शिकले आणि आता शिकवते, तिच्या जागेचा पत्ता माझ्या तोंडात होता आणि मला तो कधी ऐकूच आला नाही. खळं म्हणजे काय, कुठलं खळं, एकदाही विचारलं नाही. तुमची मुलगी असून.

वर्गात लगेच भांडण. गाणं हा पुरावा असतो का? नवीन म्हणाला, गाण्यात तर कृष्णही झोका देतो. रूपा नावाची एक मुलगी आहे, जूनपासून तोंड उघडलं नव्हतं तिने. वर्गात उभं केलं की रडायची. तिने चर्चेत लिहिलं, ‘कृष्णाचं गाणं सगळ्या गावांत आहे. धुरपदाबाईचं फक्त आपल्या गावात का आहे?’ मी ते वाक्य वहीत उतरवून ठेवलंय.

तुमचं यावर काय म्हणणं आहे? खोडू नका, सांगा.

रत्ना

धरणगाव, ५ जानेवारी २०२५

नाना,

हे पत्र तीन दिवस लिहितेय आणि फाडतेय.

सरळच सांगते. पांझरा कोण हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. खातं मीच उघडून दिलं होतं, दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी, तुम्ही पाय सोडून ओट्यावर बसला होता तेव्हा. ‘नाव काय ठेवू?’ विचारलं तर म्हणालात, ‘पांझरा ठेव, समोरच आहे.’ तेव्हा किती खुशीत होता. मागच्या पत्रात मी वेड पांघरलं, कारण तुम्ही स्वतः सांगाल अशी आशा होती.

आता माझं पाप. मागच्या महिन्यात, एकोणीस तारखेला, तुम्ही ओळीसोबत गाणंही खोडलंत. बेबाबाईंचा आवाज काढून टाकलात. ते मला सहन झालं नाही. त्या आवाजात मला आई ऐकू येते हो. मी रागाच्या भरात तुमचं खातं बंद केलं. एक बटण दाबलं आणि बापाला वर्गाबाहेर काढलं. कारणाच्या चौकटीत काहीही लिहिलं नाही. बाप तशी लेक, खाण तशी माती.

वाटलं होतं, कुणाला कळणार नाही. पण पान काही विसरत नाही, हे मीच ना शिकवलेलं! नाताळच्या सुटीनंतर पहिल्या तासाला नवीनने नोंद उघडली आणि सगळ्या वर्गासमोर विचारलं, ‘मॅडम, खोडरबरले तुम्ही काढं? कारन तर लिखं नही.’ मी म्हटलं, तो त्रास देत होता. मयुरी म्हणाली, ‘पण मॅडम, त्याने का खोडलं हे आपण त्याला एकदा पण विचारलं नाही.’ आणि रूपा, मागच्या पत्रात रडणारी म्हणून सांगितली ती, उभी राहून म्हणाली, ‘त्याला पण काही माहीत असेल.’

गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती दोन पिढ्यांना एकदम फळली.

मी वर्गाची माफी मागितली. खातं त्याच तासाला पुन्हा सुरू केलं आणि चौकटीत लिहिलं, ‘रागाने बंद केले होते. चूक झाली.’ पोरांनी त्याखाली तुमच्यासाठी एक निरोप ठेवलाय. त्यांचे शब्द जसेच्या तसे देते: ‘खोडरबर काका किंवा मावशी, तुम्ही रोज येता म्हणजे तुम्हाला आमचं पान महत्त्वाचं वाटतं. तुम्हाला काय माहीत आहे ते लिहा. आम्ही खोडणार नाही.’

त्यांना तुम्ही कोण ते सांगितलेलं नाही. तुमची आज्ञा असल्याशिवाय सांगणार नाही. नाना, तुम्हाला बाहेर काढलं याची मला लाज वाटते. तुम्ही मला कधी घराबाहेर काढलं नाहीत, मी शेजारच्या शेतातले पेरू चोरले तेव्हासुद्धा नाही.

रत्ना

धरणगाव, २३ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप नाना,

दोन महिने झाले, पांझरा आटली. पानावर तुम्ही फिरकला नाहीत. खोडत होतात तेव्हा रोज पहाटेचं तुमचं दर्शन तरी व्हायचं. मी उठून आधी मोबाइल बघायची. पाच वाजून अकरा, म्हणजे नाना उठले, तोंड धुतलं, गुडघा बरा आहे. आता ओळ जागच्या जागी असते आणि मला चैन पडत नाही. पोरंही विचारतात, खोडरबर आजारी तर नसेल?

पान पुष्कळ पुढे गेलंय. पोरांनी ठरवलं की गाणं एकटं पुरेसं नाही. ‘दुसरं कोण काय म्हणतं?’ या तुमच्या प्रश्नाला धरून त्यांनी तलाठी कार्यालयात अर्ज दिला, वर्गाच्या नावाने, सगळ्यांच्या सह्यांचा. तलाठी भाऊसाहेब आधी हसले, मग दोन आठवड्यांनी त्यांनीच निरोप धाडला. जुन्या फेरफारात, शाळेच्या आधीच्या नोंदीत, ते खळं ‘धुरपदा भ्र. सुपडू’ या नावावर आहे. पोरांना भ्र. म्हणजे काय ते कळेना. भ्रतार, नवरा, असं सांगितल्यावर मयुरी म्हणाली, म्हणजे बाईचं नाव लिहिलं तरी आत नवरा आहेच. पुढच्या नोंदीत जागा शाळेला दिली आणि सही दिराची, कौतिक आबांची. तुम्ही पुस्तिकेसाठी पाहिलात तो शेवटचा कागद. त्याच्या मागचं पान उलटलं गेलं नाही.

मग पोरांनी काय लिहावं? मला भीती होती की आता कौतिक आबांना चोर ठरवतील. त्यांचे नातू पतवंडं याच शाळेत आहेत. पण चार दिवस चर्चेत घासाघीस करून शेवटी ओळ अशी बसली: ‘शाळेची जागा धुरपदाबाईंची होती. शाळेला देताना सही त्यांचे दीर कौतिक वना यांनी केली. त्या काळी घरातल्या बाईची सही कुणी मागत नसे. धुरपदाबाईंना काय वाटलं ते कुठे लिहिलेलं नाही, फक्त गाण्यात आहे.’ आणि पुस्तिकेबद्दल: ‘पुस्तिका लिहिणाऱ्या सरांनी कागद पाहून लिहिलं. त्यांनी गाणं ऐकलं होतं का, हे माहीत नाही.’

ही शेवटची ओळ मी काढायला सांगणार होते. तुमची लेक म्हणून. मग वाटलं, मॅडम म्हणून मला तो हक्क नाही. राहू दिली. तुम्हाला टोचली असेल तर मला टोचा.

खरं सांगू? मी तुमच्या बाजूने विचार करून पाहिला. आखाजीला बायका निंबाखाली, पुरुष पारावर. दोन दिवस पत्त्यांचे डाव, चहाच्या किटल्या, आरडाओरडा. तुम्ही एरवी पत्त्याच्या पानाला शिवायचा नाहीत, पण आखाजीला गावाच्या मुख्याध्यापकाला कोण सोडतो? पारापासून झोका किती लांब होता नाना? दहा-पंधरा पावलं? गावातल्या एकाही पुरुषाला ते गाणं येत नाही, पोरांनी अकरा जणांना विचारलं. ऐकलं सगळ्यांनी आहे. यात तुम्ही एकटेच नाही.

आता माझा एकच प्रश्न आहे, बाकी सगळं सोडा. तीस एप्रिलला आखाजी. दरवर्षी आठ दिवस आधी तुमचा निरोप येतो आणि भूषण मुराळी होऊन मला घ्यायला येतो. मला बावन्न वर्षं झाली, लेक कॉलेजात गेली, तरी मुराळ्याच्या वाटेकडे डोळे लागतात. या वेळी कुणी येणार आहे का? आईच्या नावाची घागर भरायची आहे. घागरीवर मी हात ठेवायचा की नाही, एवढं फक्त कळवा. माहेर आहे म्हणा किंवा नाही म्हणा. ही चौकट रिकामी सोडू नका.

रत्ना

धरणगाव, २१ एप्रिल २०२५

नाना,

घाईत लिहितेय, अक्षर लागेल तसं लावून घ्या.

आज परीक्षेनंतरचा पहिला सोमवार. पोरांना खरंतर यायचं नव्हतं, पण पान पुरं करायचं म्हणून अठरा जण आले. पाचपैकी चार संगणक चालू होते. नवीन पहिला बसला आणि ओरडला, ‘मॅडम! खोडरबर उना!’

खोडरबर आला म्हटल्यावर सगळी एकाच पडद्यावर तुटून पडली. मी मागे उभी होते. म्हटलं, आता काय गेलं असेल. नवीन म्हणाला, ‘मॅडम, त्याने काहीच खोडलं नाही.’

पोरांची ओळ होती, ‘त्यांनी गाणं ऐकलं होतं का, हे माहीत नाही.’ तिच्या खाली, पहाटे पाच वाजून बारा मिनिटांनी, ही भर पडली होती:

‘ऐकले होते. याशिवाय, पुस्तिका छापायला जाण्यापूर्वी, १९८६ साली, सुंदरबाई प्रेमराज यांनी मुख्याध्यापकांना धुरपदाबाईंचे नाव लिहा असे स्वतः सांगितले होते. मुख्याध्यापकांनी लिहिले नाही.’

आणि कारणाच्या चौकटीत, पहिल्यांदाच: ‘सांगणारी घरातलीच होती, म्हणून तिला विचारले नाही की तुला कसे माहीत. – प्रेमराज, मुख्याध्यापक (निवृत्त).’

मग मयुरी माझ्याकडे वळली. ‘मॅडम, तुमले माहीत व्हतं ना, खोडरबर कोन शे?’

म्हटलं, हो. माझे वडील. आणि सुंदरबाई माझी आई.

मला रडू आलं, पोरांसमोर आलं, आवरलं नाही. रूपाने तिची पाण्याची बाटली पुढे केली. नवीनने तुमची भर पुन्हा एकदा वाचली. म्हणाला, ‘मॅडम, सरांनी स्वतःचं वाक्य मागे घेतलं. ऐंशी वर्षांचे असून.’ मग त्याने चर्चेत तुमच्यासाठी लिहिलं, ‘सर, तुमची भर ठेवली आहे. कोणी खोडली तर आम्ही परत आणू.’

नाना, आता मला कळलं दिवाळीला काय झालं ते. ‘आई असती तर तिने तरी सांगितलं असतं.’ मी सहज बोलले आणि नेमकं तिथेच लागलं. तिने सांगितलं होतं. आणि मी पाच महिने तुम्हाला पुस्तिकेचा अभिमान आहे म्हणून कोसत बसले. मीही नाही विचारलं, नाना, तुम्ही का उठून गेलात ते. तीन प्रश्न भिंतीवर रंगवले आणि बापाला एकही विचारला नाही.

मला क्षमा करा. आखाजीचं तुम्ही काही लिहिलं नाहीत. नका लिहू. मुराळी नाही आला तरी मी येणार, एसटीत बसून, स्वतःची पिशवी स्वतः घेऊन. दार लावून घेतलंत तर ओट्यावर बसेन.

तुमचीच,
रत्ना

(याच पत्राच्या समासात आणि मागच्या कोऱ्या बाजूला, लाल शाईने)

देवपूर, धुळे. २४ एप्रिल २०२५

चि. रत्ना,

पाचही पत्रं पोचली. चार उशाशी आहेत, ती परत करणार नाही. हे एक करतो.

‘दार लावून घेतलंत तर’ असं लिहिलं आहेस. कुणी सांगितलं, की दार लावीन?

‘मला क्षमा करा’ लिहिलं आहेस. कशाबद्दल? गाणं खोडलं तेव्हा बाहेर काढलंस ते योग्य केलंस. तो आवाज मलाही तुझ्या आईसारखाच ऐकू येत होता, म्हणून खोडला. त्याआधी रोज पहाटे तो पूर्ण ऐकायचो, मग धुरपदाबाईंची ओळ तेवढी खोडायचो.

आता राहिलेलं. पुस्तिकेची कच्ची प्रत मी जेवणानंतर तिला वाचून दाखवली होती. ती ताट घासत होती. म्हणाली, ‘धुरपदाकाकीनं नाव लिखा ना पुस्तकमा. खळं तिनं व्हतं.’ मी हसलो. म्हटलं, गाण्याला पुरावा म्हणत नाहीत. ती त्यावर परत एक शब्द बोलली नाही. जन्मभर नाही. पण त्या वर्षीच्या आखाजीला ती ओळ तिने इतक्या वर घेतली की पारावर माझ्या हातातली पानं खाली पडली. डाव हरलो. लोक हसले. मी पानं उचलून परत पिसली. पुढे ती दरवर्षी तशीच म्हणत राहिली आणि मी पिसत राहिलो. तिला वाटत असेल, आज ऐकतील, उद्या ऐकतील. तुझ्या पोरांनी एका वर्षात ऐकलं.

त्या रडणाऱ्या मुलीचं, रूपाचं, वाक्य मी पाठ केलं आहे. तिला सांग, मुख्याध्यापकांनी दहापैकी दहा दिले. आजवर कुणाला दिलेले नाहीत, तुलाही नाही.

भूषणला यंदा सुटी नाही. मुराळी म्हणून मीच येतो. एक्याऐंशीव्या वर्षी बाप मुराळी झालेला कुणी पाहिला नसेल, लोकांना पाहू दे. मंगळवारी पहाटेच्या एसटीने निघतो, एरंडोलला उतरून धरणगावची गाडी धरीन. तू तयार राहा. लगेच धुळ्याला यायचं नाही. आधी निंबाळखेड्याला जाऊ. संध्याकाळी देवपूर, बुधवारी तुझ्या आईची घागर. तिच्यावर पहिला हात तुझा.

बेबाबाईंना आजच निरोप दे, आवाज जपून ठेवा म्हणावं. आणि निंबाखाली, झोक्याजवळ, माझ्यासाठी एक खुर्ची ठेवायला सांग. पाराकडे पाठ करून. बायका हसतील, हसू देत.

ती ओळ तू म्हण. उभ्याने झोका चढवून, तिच्यासारखी वर घेऊन. मी मध्ये काही विचारणार नाही.

नाना